कुर्ली दाबून बघायची राहिली



आज मी एका जेवणाविषयी बोलणार आहे. जेवण चवीला छान होतं. पण त्याचा हिशेब लिहायला बसले, तेव्हा माझं पेन काही पुढे जाईना. आमच्या बचत गटाची मी सचिव. दर महिन्याची बचत, कर्जाचे हप्ते, मसाल्याला लागलेली मिरची, सगळं गटाच्या वहीत माझ्याच अक्षरात असतं. त्या वहीत ‘मुंबईत जेवण’ अशी एक ओळ आहे. त्या ओळीची ही हकीकत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाला मुंबईत, वांद्र्याच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्टॉल मिळाला. गटात आम्ही दहाजणी. सहाजणी मुंबईला गेलो, चारजणी घरी राहिल्या. कुणाचं बाळ लहान, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली. माल मात्र दहाजणींनी मिळून केला होता. मालवणी मसाला, कोकम, आगळ, कुळथाचं पीठ. निघण्याआधी बैठकीत ठराव झाला होता, की विक्री बरी झाली तर स्टॉलवर उभं राहणाऱ्यांनी शेवटच्या रात्री एक जेवण चांगलं करावं आणि त्यासाठी गटाच्या नफ्यातून ५,००० रुपयांपर्यंत खर्च करावा.

विक्री बरी झाली. इतके दिवस दुपारी वडापाव आणि रात्री खोलीवर डाळभात असं चाललं होतं. आम्ही किनाऱ्यावरच्या बायका. आठवडाभर मासा दिसला नाही की जेवल्यासारखंच वाटत नाही. शेजारच्या स्टॉलवरच्या ताईंनी एका हॉटेलचं नाव सांगितलं. म्हणाल्या, छोटंसं आहे, पण मासा ताजा असतो.

छोटंसं म्हणजे खरंच छोटंसं. एका गल्लीत, आठ टेबलांचं. टेबलांना सनमायका, पाण्याला स्टीलचे पेले, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. बाहेर बाकड्यावर माणसं नंबर लावून बसलेली. आम्हीही नाव लिहून पाऊण तास थांबलो. दिसायला सगळं आपल्या एसटी स्टँडजवळच्या खाणावळीसारखं. त्यामुळे दरही खाणावळीचेच असणार, असं आम्ही धरून चाललो. ही पहिली चूक.

आत बसल्यावर मेनूकार्ड हातात आलं. सोलकढी ९० रुपये. तांदळाची एक भाकरी ४५. भाताची प्लेट १६०. बोंबील फ्राय ४२०. सुरमईची प्लेट ६८०. आमच्या टेबलावर एकदम शांतता पसरली. सगळ्याजणी कार्ड वाचत होतो, पण डोळे उजव्या बाजूलाच. आमच्यातली धाकटी, तिला आम्ही सुनबाई म्हणतो, बी.कॉम. झालेली आहे. ती हळूच म्हणाली, “ताई, पाच हजारात बसेल, पण मोजून मागवूया.”

मग मोजून मागवलं. सहा सोलकढी. दोन बोंबील, दोन सुरमई, एक तिसऱ्यांचं सुकं, एक बांगड्याची कढी. दहा भाकऱ्या, तीन भात. सुनबाईने तोंडी बेरीज केली. पाण्याच्या बाटल्या आणि कर धरून पाच हजारांच्या थोडं आतच बसत होतं. इथेच थांबलो असतो तर आज मी या विषयावर बोलायला आले नसते.

पण मेनूकार्डावर सगळ्यात खाली कुर्ली होती. तिच्यापुढे आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं ‘एपीएस’. ॲज पर साईझ. म्हणजे जशी कुर्ली मोठी, तसा भाव. वेटर म्हणाला, “आज कुर्ल्या मस्त आल्यात मॅडम, दाखवू का?” मी हो म्हटलं. तो ताटात दोन कुर्ल्या घेऊन आला. काळ्या, जिवंत, नांग्या दोरीने बांधलेल्या. आकाराने दोन तळहात एवढ्या.

आमच्याबरोबर काकी होत्या. काकींचं वय पासष्टच्या पुढे. डोक्यावर पाटी घेऊन त्यांनी तीस वर्षं दारोदार मासे विकले. गुडघे दुखायला लागले तेव्हा पाटी सोडली आणि गटात मसाला कुटायला आल्या. ताट समोर आलं तसा काकींनी हात पुढे केला. वेटरला म्हणाल्या, “दी रे बाबा, जरा दाबून बघतंय.”

आणि मी काकींचा हात धरला. म्हटलं, “काकी, इथे नको. हे काय मार्केट आहे?”

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं, ते आमच्याकडे बघत होतं. मला वाटलं, आपण गावठी दिसतोय. काकींनी हात मागे घेतला. किंमत किती, हेही मी विचारलं नाही. तोंडात प्रश्न आला होता, पण ताट समोर आलेलं, वेटर उभा, सगळ्या बघतायत. अशा वेळी भाव विचारणं म्हणजे ‘आम्हाला परवडत नाही’ असं सांगणं, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. मी म्हटलं, “द्या करून.”

आता जेवणाविषयी सांगते, कारण चांगलं ते चांगलंच म्हटलं पाहिजे. बोंबील असा होता, की वरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा. बोंबलात पाणी फार असतं. तो चिरून, उघडून, वजनाखाली दाबून ठेवावा लागतो, तेव्हा कुठे असा होतो. हे काम वेळेचं आहे आणि त्यांनी ते नीट केलं होतं. सुरमईची तुकडी मधली होती, शेपटीची नव्हती. तिसऱ्यांत एकही बंद शिंपली निघाली नाही. शिजल्यावर जी तिसरी उघडत नाही ती खायची नसते, हे आपल्याला आया-आज्यांनी शिकवलेलं आहे. ते काम कुणीतरी आतमध्ये लक्ष देऊन केलं होतं. बांगड्याच्या कढीत तिरफळं होती. काकींनी वाटी तोंडाला लावून संपवली.

मग कुर्ल्या आल्या. वाटण सुरेख. नांगी फोडली तर आत पाणी. दुसरी फोडली, तिच्यातही बोटाएवढं मांस आणि बाकी पाणी. दोन्ही कुर्ल्या पोकळ.

काकी म्हणाल्या, “माका तेव्हाच कळलेला.” एवढंच म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून खायला लागल्या.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या बऱ्याचजणींना हे ठाऊक असेल, पण ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. कुर्ली वाढते तेव्हा जुनं कवच टाकते आणि मोठं नवं कवच धरते. कवच मोठं झालं तरी आतलं मांस लगेच भरत नाही. त्या दिवसांत ती दिसायला मोठी, पण आतून पाणीदार असते. म्हणून आपल्याकडे कुर्ली हातात घेऊन बघतात. आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. उलटी करून पायांच्या मुळाशी, पोटाकडे अंगठ्याने दाबायचं. घट्ट लागली तर भरलेली. दबली तर पोकळ. आपल्याकडे अमावास्येच्या आसपासची कुर्ली भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ असंही म्हणतात. पण तिथी विसरली तरी अंगठा विसरायचा नाही. काकींचा अंगठा तीस वर्षांचा होता आणि मी तोच धरून ठेवला.

बिल आलं. दोन कुर्ल्यांचे ३,२०० रुपये. सगळं मिळून ७,७४०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, ७७४. त्यावर पाच टक्के जीएसटी. एकूण ८,९४० रुपये.

माझ्या पर्समध्ये गटाचे ५,००० वेगळ्या पाकिटात होते. बाकी पैसे विक्रीचे, म्हणजे दहाजणींचे. मला घाम फुटला. सुनबाईने बिल माझ्या हातातून घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि उठून गल्ल्यावर गेली. मालकांना म्हणाली, “काका, हा सर्व्हिस चार्ज काढा. आम्हाला द्यायचा नाही.” मालकांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता दुसरं बिल काढलं. ८,१२७ रुपये. दोन मिनिटांत ८१३ रुपये वाचले, केवळ एकीने विचारलं म्हणून.

हे नीट लक्षात ठेवा. जीएसटी हा सरकारचा कर आहे, तो द्यावाच लागतो. साध्या हॉटेलांत तो पाच टक्के असतो. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. तो हॉटेलने आपणहून लावलेला असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं, की कोणत्याही हॉटेलने तो बिलात आपोआप लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. सेवा आवडली तर वेटरच्या हातात खुशीने काय द्यायचं ते द्या. बिलात दिसला आणि द्यायचा नसेल तर शांतपणे सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

निघताना काकी गल्ल्यापाशी थांबल्या. मालकांना म्हणाल्या, “कुर्ली पोकळ होती हां.” मालक म्हणाले, “मावशी, आधी सांगायचं. शिजल्यावर मी काय करू? तुम्ही दाबून बघितली असती तर मीच दुसरी काढून दिली असती.” काकींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी जरा रागातच विचारलं, “पण एवढे दर कसे हो?” मालक चिडले नाहीत. म्हणाले, “गल्लीतली जागा असली तरी भाडं मुंबईचं आहे. पहाटे उठून लिलावाला जायचं, बर्फ, नोकरांचे पगार. आज उरलेला मासा उद्या तुम्ही खाल का?” बाहेर आल्यावर काकी म्हणाल्या, “तो खोटा बोलणा नाय. मासो रोज एका भावान मिळणा नाय.” आणि ते खरं आहे. ज्याने तीस वर्षं बंदरावर बोली लावली त्याला हे सांगावं लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बंगालच्या उपसागराकडे हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. त्यामुळे ऐन पावसात मुंबईच्या ताटात मोठा मासा आला, तर तो बर्फातला तरी असतो किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेला असतो. मग दर चढणारच. पापलेटाचं तर विचारू नका. २०२३ साली सरकारने त्याला राज्य मासा ठरवलं, कारण लहान असतानाच पकडला गेल्याने तो कमी कमी होत चाललाय. म्हणून महाग मासा म्हणजे लूटच, असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार दराबद्दल नाहीच. दर माहीत नसताना मी हो म्हटलं, ही माझी तक्रार आहे, आणि ती माझ्याविषयीच आहे.

गावी आलो. बैठक झाली. मी वही उघडली आणि जसं झालं तसं वाचून दाखवलं. मंजूर ५,०००, खर्च ८,१२७, जादा ३,१२७. घरी राहिलेल्या चौघींपैकी एक म्हणाली, “तुमका कुर्ली, आणि आमका वास पण मिळाक नाय.” सगळ्या हसल्या, पण तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आगळाच्या बाटल्या तिनेही भरल्या होत्या. मी म्हटलं, कुर्ली मी मागवली, जादा पैसे मी भरते. पण जेवायला गेलेल्या बाकीच्या पाचजणी ऐकेनात. खाल्लं सगळ्यांनी, भरू सगळ्या. ३,१२७ भागिले सहा, प्रत्येकी ५२१ रुपये, आणि वरचा एक रुपया मी घातला.

५२१ रुपये. आमच्यातली एक वहिनी काजूच्या कारखान्यात जाते. तिच्यासाठी ही दोन दिवसांची मजुरी. कुर्लीतलं तिच्या वाट्याला एक नांगी आली होती, तीही पोकळ. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, तुझे मी भरते, कुणाला कळणार नाही. ती म्हणाली, “नको ताई. त्यापेक्षा पुढच्या वेळी भाव विचारा.” तिने दोन हप्त्यांत पैसे भरले. वहीत ते दोन्ही हप्ते माझ्याच अक्षरात आहेत.

तेव्हापासून मी ठरवलं, की हे चार बायकांना सांगायचं. म्हणजे निदान त्या दोन दिवसांच्या मजुरीचं काहीतरी चीज होईल.

तर आता ऐका. शहरातल्या अशा हॉटेलात मासे खायला गेलात, आणि जरूर जा, तर आकडा नसलेल्या पदार्थापुढे चार प्रश्न विचारा. एक, वजन किती आणि किलोचा भाव काय? दोन, हे वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं? तीन, या एका नगाचे सगळे मिळून किती होतील? आणि चार, प्लेटमध्ये तुकड्या किती येतील? वेटरला ठाऊक नसेल तर तो आत जाऊन विचारून येतो. त्यात त्याचा अपमान नाही आणि आपलाही नाही. मासा दाखवायला आणला तर तो बघण्यासाठीच आणलेला असतो. डोळा स्वच्छ आहे का, कल्ला लाल आहे का, बोटाने दाबल्यावर मांस परत वर येतं का, हे आपण रोज बाजारात बघतो. टेबल-खुर्ची आली म्हणून आपलं ज्ञान कमी होत नाही.

आणि वर्गणी काढून जाणार असाल, तर कोण किती देणार हे आधी ठरवा. ऑर्डर देणारी एक असते आणि पैसे सगळ्यांचे असतात. गप्प बसलेल्या बाईला परवडत असेलच, असं समजू नका. ती लाजत असेल, जशी मी लाजले.

शेवटी एक सांगायचं राहिलंच. त्या रात्री खोलीवर झोप येईना, तेव्हा मी सोलकढीचा हिशेब केला. आमच्या एका लिटर आगळात नारळाचा रस घालून चाळीसेक पेले सोलकढी सहज होते. ते आगळ आम्ही स्टॉलवर १८० रुपयांना विकत होतो. दुसऱ्याच दिवशी एक बाई आल्या, १६० ला द्या म्हणाल्या, आणि मी लगेच दिलं. का? तर ‘नाही’ म्हणायची लाज वाटली. हॉटेलवाल्याने पेल्यामागे नारळ, गॅस, माणूस, भाडं धरलं होतं. आम्ही बाटलीमागे मे महिन्याच्या उन्हात रतांबे फोडायला बसलेल्या दहा बायकांची मजुरी पुरती धरलीच नव्हती. म्हणजे घेताना भाव विचारायची लाज आणि विकताना भाव सांगायची लाज. दोन्हीकडून नुकसान आमचंच.

या बैठकीत आम्ही आगळाचा भाव नव्याने मांडला. मीठ, बाटली, झाकण, वाहतूक आणि प्रत्येकीचे तास धरून. आता लिटरला २४० रुपये. बाटलीवर ठळक आकड्यात लिहिलंय. एपीएस नाही. मागच्या महिन्यात तालुक्याच्या बाजारात एकाने २०० ला मागितलं. मी काही बोलण्याआधी काकी म्हणाल्या, “दोनशे चाळीस.” त्यांनी बाटली उजेडात धरून त्याला आगळाचा रंग दाखवला. तो दोन बाटल्या घेऊन गेला.

मी काकींच्या हाताला हात लावला नाही.